पुण्याच्या पेठांचा इतिहास रहिवाशांच्या तोंडून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये राहणाऱ्या, किंवा तिथून बाहेर पडलेल्या पण मन तिथेच ठेवून आलेल्या लोकांसाठी आहे. आपल्या आळीचा, वाड्याचा, चौकाचा इतिहास नोंदवायचा असेल तर नेमके काय करावे, हे इथे सांगितले आहे. १९६१ मध्ये पानशेतचे धरण फुटून पूर आला तेव्हा जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्यामुळे तयारी पूर्ण होण्याची वाट पाहू नका. पहिली मुलाखत याच महिन्यात घ्या.

सुरुवात अख्ख्या पेठेपासून करावी का?

नको. पेठ फार मोठी पडते, आणि उत्साह तिसऱ्या आठवड्यात संपतो. एक आळी घ्या, किंवा एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा रस्ता घ्या. तीस-चाळीस घरे पुष्कळ झाली. पहिल्या दिवशी कोणाशीही न बोलता दोन्ही बाजूंनी चाला आणि यादी करा: घर नंबर, आजचे नाव, तळमजल्यावरचे दुकान, आणि डोळ्याला दिसणारी जुनी खूण. उदाहरणार्थ दिंडी दरवाजा, दगडी जोते, भिंतीतला कोनाडा, पार, बुजवलेला आड.

घर नंबर पहिल्या रकान्यात हवा. पेठेतला पत्ता घर नंबर आणि पेठ असाच लिहितात. वाडा पडून इमारत झाली, वाड्याचे नाव गेले आणि सोसायटीचे नवे नाव आले, तरी बहुतेक वेळा तो नंबर टिकतो. जुनी लग्नपत्रिका, घरपट्टीची पावती आणि आजचे लाइट बिल या तिघांना जोडणारा धागा तोच असतो.

आधी कोणाशी बोलायचे?

लोक सहसा वाड्याच्या मालकाकडे किंवा गणपती मंडळाच्या अध्यक्षांकडे आधी जातात. त्यांच्याकडे जरूर जा, पण तिथेच थांबू नका. मालकाला वाड्याची वंशावळ ठाऊक असते. नळाला पाणी किती वाजता यायचे, संडासाची रांग कुठपर्यंत लागायची, कोणाच्या घरचा रेडिओ सगळ्या चौकात ऐकू यायचा, हे मात्र मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलेल्या भाडेकरूला ठाऊक असते. आणि त्याहून जास्त त्याच्या घरातल्या बाईला.

यादी करताना ही माणसे सुटत नाहीत ना ते पाहा: धुणीभांडी करायला चार-पाच घरी जाणाऱ्या मावशी, पिठाच्या गिरणीवाले, अमृततुल्यचे मालक, तालमीतले जुने पैलवान, पेपर टाकणारे, सफाई कामगार. पेठा एका जातीच्या किंवा एका भाषेच्या कधीच नव्हत्या. रास्ता पेठेत तमिळ बोलणारी घरे आणि बेने इस्रायलींचे सिनेगॉग, रविवार पेठेत बोहरी आळी, नाना पेठेत पारशी अग्यारी, भवानी पेठेत तेलुगूभाषक पद्मशाली समाज. यांपैकी कोणी तुमच्या यादीत नसेल, तर चूक यादीची आहे.

जी घरे पेठ सोडून गेली त्यांनाही शोधा. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर नदीकाठच्या पेठांमधली शेकडो कुटुंबे गोखलेनगर, सहकारनगर अशा पूरग्रस्तांच्या वसाहतींमध्ये गेली. त्यांच्या आठवणीतली पेठ त्या दिवशी थांबली आहे. पुढच्या साठ वर्षांची भर तिच्यावर पडलेली नाही, म्हणून ती जास्त स्वच्छ मिळते.

आजी-आजोबांना साल आठवत नाही. मग कालक्रम कसा लावायचा?

साल विचारूच नका. सगळ्यांना ठाऊक असलेल्या प्रसंगाशी जोडून विचारा. "पानशेत झालं तेव्हा तुम्ही कितवीत होता?" या एका प्रश्नाने बरेच काम होते. उत्तर "चौथीत" आले, तर जन्म १९५१-५२ च्या आसपास. मग "हा पार तेव्हा होता का?" असे विचारले की पाराचाही काळ कळतो.

पुण्यात उपयोगी पडणाऱ्या खुणा अशा: ३० जानेवारी १९४८ नंतरचे दिवस, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि १ मे १९६०, पानशेत, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७१ च्या युद्धातला ब्लॅकआउट, १९७२ चा दुष्काळ, घरात टीव्ही येणे (मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पुण्यात प्रक्षेपण त्यानंतर पोचले), आणीबाणी, १६ फेब्रुवारी १९८० चे सूर्यग्रहण. घरगुती खुणाही तितक्याच कामाच्या असतात: थोरल्याची मुंज, धाकटीचे लग्न, सासूबाईंचे वर्षश्राद्ध. बायकांच्या आठवणींचा कालक्रम बहुधा बाळंतपणांवर लागतो आणि तो बिनचूक असतो.

नोंद करताना "साल अंदाजे १९५८, आधार: पानशेतच्या आधी तीन वर्षे" असे आधारासकट लिहा. नुसते १९५८ लिहिले की पुढच्या माणसाला ती खात्रीची तारीख वाटते.

काय विचारावे?

"तुमच्या काळी पेठ कशी होती?" असे विचारले की "फार छान, माणुसकी होती" असे उत्तर येते आणि मुलाखत तिथेच बसते. प्रश्न लहान हवा. त्यात वस्तू हवी, जागा हवी, वेळ हवी.

"सकाळी उठल्यावर पहिला आवाज कसला यायचा?" "बंब कोण पेटवायचं? त्यात काय घालायचे, गोवऱ्या की ढलपे?" "दळण कुठे टाकायचात, आणि परत आणायला कोण जायचं?" "रॉकेलची रांग कुठून कुठपर्यंत असायची?" "या चौकात तुम्हाला कुठे जायला मनाई होती?" शेवटचा प्रश्न मुली म्हणून वाढलेल्यांना आणि दलित वस्तीत वाढलेल्यांना आवर्जून विचारा. पाणी, पंगत आणि देवळाची पायरी यांच्याबद्दलची उत्तरे ऐकायला जड जातात, तरी ती तशीच नोंदवायची.

उत्तरानंतर दहा सेकंद गप्प बसा. सगळ्यात चांगले वाक्य बहुधा त्या शांततेनंतर येते. "हो का!", "बापरे!" असे मध्ये म्हणू नका. मान हलवली तरी पुरते. तुमचा आवाज त्यांच्या वाक्यावर चढला की तो तुकडा पुढे वापरता येत नाही.

रेकॉर्डिंगसाठी काय सामान लागते? मोबाइल चालेल का?

चालेल, पण चार गोष्टी पाळा.

फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये वेव्ह प्रकार निवडा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. यात एका तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते, म्हणून निघण्यापूर्वी फोनमध्ये २ जीबी मोकळी आहे का ते पाहा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, पण टेबलावर थेट ठेवू नका, कारण बोट वाजवल्याचा किंवा कप ठेवल्याचा दणका सरळ आत येतो. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. वायरचा कॉलर माइक मिळाला तर घ्याच. पदराला लावताना माइकवर बांगडी किंवा मंगळसूत्र घासत नाही ना, ते आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका.

मुलाखती बिघडतात त्या घरातल्या आवाजांनी. पंखा, कुकरच्या शिट्ट्या, कुरकुरणारा झोपाळा, टोले देणारे घड्याळ. कुकर होईपर्यंत थांबा, झोपाळ्यावरून आजोबांना विनंती करून खुर्चीवर बसवा. मे महिन्यात पंखा बंद करणे शक्य नसते, तर वेग कमी करा आणि माइकची पाठ पंख्याकडे करा. एका बैठकीला तासभर पुरे. त्यापुढे वयस्कर माणूस थकतो आणि उत्तरे आखडती येतात. दुसऱ्यांदा जा. पहिल्या भेटीनंतर रात्री त्यांना खूप आठवलेले असते.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, जागा, घर नंबर आणि समोरच्यांचे नाव बोला. फाइलचे नाव हरवले तरी ओळख आतच राहते.

नुसत्या जागेचे आवाज नोंदवावेत का?

अवश्य. कसबा पेठेतल्या तांबट आळीचे उदाहरण घ्या. तांब्याच्या भांड्यावर मठार, म्हणजे घावांच्या खुणांची नक्षी, काढताना कारागीर भांडे लोखंडी खरवईवर धरून फिरवत जातो आणि हातोडीचे घाव शेजारी शेजारी, एका मापाने पडत जातात. भांडे तळाकडे असताना आवाज एक, गळ्याकडे आले की दुसरा. ही लय फोटोत येत नाही. पण बोलणे आणि ठोके एकदम रेकॉर्ड करायला गेलात तर दोन्ही बिघडतात. फोन प्रत्येक घावाला आवाज आपोआप दाबतो आणि मधले शब्द बुडतात. म्हणून आपोआप पातळी ठरवण्याची सोय बंद करा, तीन मीटर लांब उभे राहा, सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे बघा, आणि कोणी न बोलता तीन मिनिटे सलग घ्या. मुलाखत हातोडी खाली ठेवल्यावर.

एकाच देवळाच्या नावामागे तीन गोष्टी सांगतात. खरी कोणती धरायची?

तिन्ही नोंदवा, प्रत्येकीपुढे कोणी आणि कधी सांगितली ते लिहा. पुण्यात हा प्रश्न रोजचा आहे: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, दाढीवाला दत्त, खुन्या मुरलीधर. पासोड्या विठोबाचे नाव तिथे भरणाऱ्या पासोड्यांच्या बाजारावरून आले असे सांगतात. पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण. जिलब्या मारुतीला जवळचा मिठाईवाला जिलब्यांची माळ घालायचा, ही गोष्टही अशीच तोंडी चालत आली.

दंतकथा कागदाने सिद्ध झाली नाही म्हणून फेकायची नसते. ती त्या बाजाराबद्दल, त्या धंद्याबद्दल काही सांगत असते. फक्त तिला "असे सांगतात" या रकान्यात ठेवा आणि कागदावरून कळलेली माहिती वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकत्र कालवले की पुढच्या दहा लेखांत दंतकथाच पुरावा होऊन बसते, आणि मग निस्तरणे कठीण जाते.

जी वास्तू आता उरलीच नाही, तिची नोंद कशी करायची?

आधी नावे गोळा करा. वास्तू पडली तरी नाव चौकाला चिकटून राहते. साततोटी, फडके हौद, काळा हौद ही नावे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याची आठवण आहेत. त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यासाठी बांधलेले उंच मनोरे, काही ठिकाणी अजून उभे आहेत. पेठांची नावेही बदलली: वेताळ पेठेची गुरुवार पेठ झाली, गंज पेठेची महात्मा फुले पेठ. जुने कागद वाचताना दोन्ही नावे हाताशी हवीत, नाहीतर शोध अर्धाच होतो.

मग ज्यांनी ती वास्तू पाहिली त्या किमान तीन जणांना वेगवेगळे बसवून कोऱ्या कागदावर नकाशा काढायला सांगा. चित्र चांगले यायची गरज नाही. दरवाजा कुठल्या बाजूला, आड कुठे, जिना डावीकडे की उजवीकडे, एवढे पुरे. तिघांचे जुळते ते पक्के धरा. जुळत नाही त्यावर पुन्हा विचारा. एकत्र बसवले तर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचा नकाशा सगळ्यांचा होतो.

आमचा वाडा पुनर्विकासाला जाणार आहे. हातात महिनाभर आहे. काय करू?

घाई आहे, तेव्हा क्रम महत्त्वाचा. पहिल्या दोन दिवसांत फोटो: रस्त्यावरून दर्शनी भाग, मग दिंडी, ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, माडी, तळघर, असे बाहेरून आत. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार फोटो, एक छताचा, एक जमिनीचा. दर फोटोत मोजपट्टी किंवा निदान एक फुटी पट्टी दिसू द्या. त्यानंतर बारीकसारीक: कड्या, कोयंडे, देवळी, खुंट्या, बळद, सुरूच्या घाटाचे खांब, तुळईवरचे कोरीवकाम, दारावरची गणेशपट्टी, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली मुलांची उंची.

तिसऱ्या दिवशी मापे. दोन खांबांमधला गाळा म्हणजे एक खण. जुनी माणसे खोली "तीन खणी", "पाच खणी" अशीच सांगतात, म्हणून खणांची संख्या आणि एका खणाचे फुटांतले माप दोन्ही लिहा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा. पुराची रेघ असेल तर ओट्यापासून नव्हे, रस्त्यापासून तिची उंची मोजा आणि रस्ता नंतर किती वेळा वर आला तेही विचारा. पेठांमध्ये डांबराचे थर चढून जोती बुडाली आहेत, त्यामुळे आज कमरेएवढी दिसणारी रेघ तेव्हा छातीएवढ्या पाण्याची असू शकते.

शेवटी माणसांना त्या वाड्यात फिरवत बोलते करा. चौकात उभ्या राहिलेल्या काकूंना जे आठवते ते नव्या फ्लॅटच्या सोफ्यावर आठवत नाही.

बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. इतकी मोठी वास्तूही अखेर कागद, फोटो आणि सांगणाऱ्यांवर येऊन ठेपते, मग आपला वाडा तर सहज विस्मरणात जाईल.

परवानगी लेखी घ्यावी का? घरचेच तर लोक आहेत.

लेखीच घ्या, साध्या मराठीत, एका पानावर. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: रेकॉर्ड करू का, नावासकट प्रसिद्ध करू का, इंटरनेटवर आवाज टाकू का. "आत्ता नको, दहा वर्षांनी चालेल" असा पर्यायही ठेवा. सही मुलाखतीनंतर घ्या, कारण आपण काय बोललो हे तेव्हाच माणसाला कळते. महिन्याभराने मन बदलले तर तो भाग काढायचा, वाद घालायचा नाही.

पेठांमध्ये सगळ्यात मोठा धोका जागेच्या वादांचा आहे. मालक-भाडेकरू, भाऊ-भाऊ, पागडी, पोटभाडेकरू. "आमचं बिऱ्हाड मागच्या खोलीत सत्तर सालापासून" हे निरागस वाक्य कोर्टात पुरावा म्हणून दाखवले जाऊ शकते. मुलाखतीआधी स्पष्ट विचारा: "जागेची काही केस चालू आहे का?" असेल तर ताबा, भाडे, वाटणी हे विषय सोडून द्या. चुकून बोलले गेले तर तो तुकडा प्रसिद्धीच्या प्रतीतून काढा. शेजाऱ्यांचे आजारपण, लफडी, कर्जे यांनाही हाच नियम.

जुने फोटो आणि कागद लोक देतात. ते कसे हाताळावेत?

मूळ वस्तू शक्यतो घरी नेऊ नका, त्यांच्याच घरात स्कॅन करा. नेलीच तर पावती द्या आणि परत करायची तारीख लिहा.

पोस्टकार्डाएवढा किंवा लहान फोटो ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, तो काळा-पांढरा असला तरी. पिवळेपणा आणि डाग हीसुद्धा माहिती असते. फाइल टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपीजी करा. मागची बाजू हमखास स्कॅन करा: स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले नाव, तारीख तिथेच सापडते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, फाटतो. पानासकट, दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश टाकून फोटो काढा. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि दुकानाची पाटी वाचता येत नाही.

आणि कृपया लॅमिनेशन करू नका. जपण्याच्या मायेने लोक सनदा आणि लग्नाचे फोटो लॅमिनेट करतात. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात बसते आणि मग ते कोणालाही काढता येत नाही. सेलोटेपही नको.

सांगितलेले पडताळायचे कुठे?

जागेसाठी नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक पाहा. सिटी सर्व्हे नंबर ठाऊक असेल तर ते महाभूमी संकेतस्थळावरही मिळते. घटनांसाठी जुनी वर्तमानपत्रे: केसरी १८८१ पासून, सकाळ १९३२ पासून. पेशवेकालीन कागदांसाठी पुणे पुराभिलेखागार आणि सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ, ज्याची स्थापना १९१० मध्ये वि. का. राजवाड्यांनी केली.

एक साधन लोक विसरतात: गणपती मंडळांचे वार्षिक अहवाल. त्यातला जमाखर्च तर आहेच, पण खरे धन जाहिरातींत असते. लाँड्री, सायकल मार्ट, छापखाना, खानावळ, प्रत्येकाचे नाव, पत्ता, मालक. ओळीने दहा वर्षांचे अहवाल मिळाले तर कोणते दुकान कधी आले आणि कधी गेले हे जवळजवळ वर्षावार कळते. कपाटाच्या माथ्यावर, सतरंजीखाली ते गठ्ठे असतात. रद्दीत जाण्याआधी मागा.

मोडी कागदावर शक किंवा अरबी साल आहे. इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. महिना जानेवारी ते फाल्गुनअखेर यांत पडत असेल तर ७९. सुहूर सन, म्हणजे कागदावरचा अरबी साल, मृगापासून सुरू होतो: जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. फसली सनाला, म्हणजे महसुली वर्षाला, त्याच हिशेबाने ५९० किंवा ५९१. मोडी येत नसेल तर अंदाजाने वाचू नका. स्वच्छ स्कॅन करून जाणकाराला दाखवा.

मुलाखत शब्दशः उतरवायची का?

हो. एका तासाला पाच-सहा तास धरा. मोबाइलचे आपोआप टंकन मदत करते, पण आळ्यांची नावे, आडनावे आणि जुने शब्द हमखास चुकवते, म्हणून ऐकत ऐकत तपासावेच लागते. बोलीला प्रमाण मराठीत ओढू नका. "व्हतं", "न्हाई", "आमच्यात" असे आहे तसे राहू द्या. दर पाच मिनिटांना वेळेची खूण टाका. उतारा छापून बोलणाऱ्यांच्या हाती द्या, अक्षर १६ पॉइंटचे हवे. ते त्यातल्या नावांच्या चुका काढतात आणि दोन नव्या गोष्टी सांगतात.

नकाशावर जागा दाखवताना खूण चुकीच्या घरावर पडते. का?

अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींमुळे फोनला उपग्रहाचा संकेत सरळ मिळत नाही, भिंतीवर आदळून येतो. दहा-वीस मीटरची चूक सहज होते, आणि पेठेत तेवढ्यात तीन घरे बसतात. खूण हाताने सरकवा आणि सोबत शब्दांत लिहा: "चिंचेच्या तालमीकडून येताना उजव्या हाताचा तिसरा दरवाजा."

चौकात माहितीफलक लावायचा आहे.

घराच्या भिंतीवर असेल तर मालकाची किंवा सोसायटीची लेखी परवानगी, सार्वजनिक जागेत महापालिकेची. मजकूर ७० शब्दांच्या आत, अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असे. फ्लेक्स लावू नका, उन्हा-पावसात रंग उडतो. क्यूआर कोड लावलात तर पत्ता तुमच्या ताब्यातल्या संकेतस्थळाचा हवा. फुकटच्या सेवेचा दुवा बंद पडला की फलकावर नुसता काळा चौकोन उरतो.

सगळे जमले. आता ठेवायचे कुठे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक पेठेबाहेर. पेनड्राइव्हला प्रत समजू नका. हार्ड डिस्क चार-पाच वर्षांनी बदला आणि वर्षातून एकदा प्रत्येक फोल्डरमधली एक फाइल उघडून ऐका. फाइलचे नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या: आधी साल-महिना-दिवस, मग पेठ, मग घर नंबर, मग क्रमांक. देवनागरी नावे काही संगणकांवर चौकोन होऊन येतात.

एक प्रत वाचनालयाला किंवा शाळेला द्या, पण आधी विचारून, आणि कोणता भाग बंद ठेवायचा हे संमतीपत्रांसकट लिहून. एक प्रत बोलणाऱ्यांच्या घरी. त्यासोबत एक कागदी पान ठेवा: कोण बोलले, कुठे, कधी, किती मिनिटे. नातवाला डिस्क उघडता आली नाही तरी ते पान वाचता येते.